१६४८ : जग पेटलं ते थंडीने की वसुलीने?

कऱ्हाकाठ

१६४८ या एकाच सालात काय काय घडलं ते आधी मांडतो. एप्रिलमध्ये स्पेनने आपल्या ताब्यातल्या नेपल्सचं बंड मोडलं. मे महिन्यात तेव्हा पोलंडच्या राज्यात असलेल्या युक्रेनमध्ये बोहदान ख्मेल्नित्स्कीच्या कोसॅकांनी, म्हणजे तिथल्या लढवय्या टोळ्यांनी, पोलंडच्या फौजेचा दोनदा धुव्वा उडवला. जूनमध्ये मॉस्कोत लोकांनी झारच्या कारभाऱ्यांची घरं लुटली आणि जाळली. ऑगस्टमध्ये इस्तंबूलला सुलतान इब्राहिमला गादीवरून उतरवलं आणि दहा दिवसांत गळा आवळून मारलं. त्याच महिन्यात पॅरिसकरांनी रस्ते अडवायला हजारावर अडथळे उभारले. इंग्लंडमध्ये यादवी दुसऱ्यांदा भडकली. डिसेंबरात सैन्याने पार्लमेंटच्या दारात उभं राहून नको असलेले सभासद गाळले आणि पुढच्या महिन्यात राजाचं मस्तक उडालं.

हल्ली या सगळ्याचं एकच कारण सांगितलं जातं : हवामान. सूर्यावरचे डाग घटले, थंडी वाढली, पिकं बुडाली, लोक उठले. मला हे पटत नाही, आणि त्याची चीडही येते, कारण त्यात राज्यकर्ते अलगद सुटतात.

मॉस्कोचं बघा. बोरिस मोरोझोव्ह हा तरुण झार अलेक्सेईचा शिक्षक, आणि १६४८ च्या जानेवारीत त्याचा साडूही झाला. १६४६ मध्ये याच्या कारभारात मिठावर जबर कर बसला. रशियात गरिबाचं पोट खारवलेल्या माशांवर. मीठ महागल्यावर लोकांनी ते घेणं कमी केलं, मासे कुजले, तिजोरीत अपेक्षेइतका पैसाही आला नाही. १६४७ च्या डिसेंबरात कर उठवला. पण मग मधल्या काळात माफ केलेले जुने कर थकबाकी म्हणून एकदम वसूल करायला घेतले! जूनमध्ये झार मठाच्या यात्रेहून परतत असताना लोक अर्ज घेऊन आडवे गेले, तर त्यांच्यावर चाबूक चालले. त्यानंतर दंगा झाला. यात थंडीने नेमकं काय केलं?

पॅरिसची गोष्टही वसुलीचीच. फ्रान्स १६३५ पासून स्पेनशी लढत होता. पैसा संपला तेव्हा मुख्यमंत्री माझारँने न्यायालयांतल्या अधिकाऱ्यांचा ४ वर्षांचा पगार गिळायचा घाट घातला. पार्लमाँ, म्हणजे तिथलं वरिष्ठ न्यायालय, त्या अधिकाऱ्यांच्या बाजूने उभं राहिलं. २६ ऑगस्टला स्पेनवरच्या लाँसच्या विजयाची प्रार्थना चालू असताना ब्रुसेल नावाच्या वृद्ध न्यायाधीशाला पकडलं आणि शहर उठलं. ९ वर्षांच्या चौदाव्या लुईच्या आईला, राणी आनला, ब्रुसेलला सोडावं लागलं. इस्तंबूलमध्ये १६४५ पासून क्रीटची मोहीम चालू होती, व्हेनिसच्या आरमाराने दार्दानेल्सची सामुद्रधुनी अडवली होती, आणि अशा वेळी महालाच्या हौसेसाठी सेबलची फर आणि अंबर हे सुगंधी द्रव्य यांच्या नावाने वसुली! नेपल्समध्ये तर १६४७ ला ठिणगी पडली ती फळांवरच्या कराने.

हवामान होतं, नाकारत नाही. पण ज्याने वसुली केली त्याचं नाव आधी घ्या.

मृगनक्षत्र

कऱ्हाकाठ, तुमचा राग समजतो, पण एका प्रश्नाला तुम्ही बगल दिली आहे. युद्धं आणि कर हे राजांचं नेहमीचंच काम. मग मॉस्को, पॅरिस, इस्तंबूल, नेपल्स ही एकमेकांशी फारसा संबंध नसलेली शहरं १५ महिन्यांच्या आत का पेटावीत? माझारँ आणि मोरोझोव्ह यांनी काही संगनमत केलेलं नव्हतं.

१६४० मध्ये जपानमधला कोमागाताके आणि १६४१ च्या सुरुवातीला फिलिपाइन्समधला पार्कर, असे दोन मोठे ज्वालामुखी लागोपाठ फुटले. १६४५ च्या आसपास सूर्यावरचे डाग जवळपास नाहीसे झाले आणि पुढे ७० वर्षं तसेच राहिले. चीनमध्ये मिंग घराण्याच्या शेवटच्या वर्षांत दुष्काळावर दुष्काळ पडले, १६४४ ला बीजिंग पडलं. इंग्लंडमध्ये १६४७ पासून लागोपाठ पिकं बुडाली आणि धान्य कडाडलं. ठरलेला कर शेवटी पिकातूनच भरायचा. पीक निम्मं आलं की तोच कर दुप्पट जड होतो, त्यासाठी कारभाऱ्याला हुकूमही काढावा लागत नाही. कोरडवाहू भागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

मी कुणाला सोडवत नाही. फक्त एवढं म्हणतो, की सगळ्यांच्या पायाखालची जमीन एकाच वेळी सरकली होती.

कऱ्हाकाठ

मग जपानचं काय? १६४० नंतरचा कान्एइ काळातला दुष्काळ भयंकर होता. त्याच ज्वालामुखींची राख, तीच थंडी. शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, इएमित्सुच्या सरकारने साके गाळण्यावर बंधनं घातली, म्हणजे तांदूळ दारूत न जाता पोटात जावा. १६४८ मध्ये एदो, म्हणजे आजचं टोकियो, शांत होतं.

आणि आपल्याकडे बघा. १६३०–३२ च्या दुष्काळात दख्खन आणि गुजरात उजाड झाले. त्या दुष्काळात द्रव्य आटलं आणि एक बायको अन्न अन्न करत गेली, हे तुकोबांनी स्वतःच सांगून ठेवलंय. त्या उपासमारीतून इथे पॅरिससारखं बंड झालं का? नाही. उपाशी माणूस आधी गाव सोडतो. बंड होतं ते उपाशी माणसाच्या दारात वसुलीवाला उभा राहतो तेव्हा.

मृगनक्षत्र

जपानचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. शिमाबाराचा मोठा उठाव १६३७–३८ मध्ये झाला, तोही कर आणि उपासमार मिळूनच. त्यातून शहाणपण आलं म्हणून पुढच्या दुष्काळात सरकार वेगळं वागलं. म्हणजे संकट होतंच, फक्त तोंड देणारे निराळे.

निळी_शाई

तुम्ही दोघंही उठावाकडे एक निर्मळ गोष्ट म्हणून बघताय, त्याने मी अस्वस्थ झाले. युक्रेनला एका वाक्यात आटपू नका. पोलंडचे सरदार आपल्या जमिनी, गिरण्या, दारूचे गुत्ते इजाऱ्याने, म्हणजे ठेक्याने, देत आणि इजारदार बऱ्याच ठिकाणी ज्यू असत. सरदार दूर राजधानीत किंवा आपल्या गढीत. शेतकऱ्याला चेहरा दिसे तो इजारदाराचा. १६४८ च्या जूनमध्ये नेमिरोव्हला कोसॅकांनी ज्यूंची कत्तल केली, बायकापोरांसकट. नंतर अशीच गावामागून गावं गेली. मेलेल्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी इजारा घेतलेला नव्हता.

कऱ्हाकाठ म्हणतात, ज्याने वसुली केली त्याचं नाव आधी घ्या. त्या जमावाने नेमकं तेच केलं, आणि चुकीच्या माणसाचं घेतलं. मॉस्कोतही मोरोझोव्ह वाचला. झारने लोकांपुढे रडून त्याचा जीव मागून घेतला. मारले गेले ते त्याच्या हाताखालचे.

दूरदेशी

सगळा धागा वाचला आणि २४ ऑक्टोबर १६४८ चं नाव कुणीच घेतलं नाही याचं नवल वाटलं. मी जर्मनीत राहतो. ३० वर्षं चाललेलं युद्ध त्या दिवशी वेस्टफालियाच्या तहाने थांबलं. जर्मन मुलखातला दर पाच माणसांमागे निदान एक माणूस त्या काळात कमी झाला असं धरतात, काही भागांत अर्ध्याहून जास्त. वाटाघाटीसाठी दोन गावं लागली, कॅथलिकांसाठी म्युन्स्टर आणि स्वीडनसाठी ओस्नाब्रुक, कारण एका टेबलाशी बसायची कुणाचीच तयारी नव्हती. तरी मार्ग काढला. कुठल्या गावातलं देऊळ कोणाचं, यावर तोडगा असा, की १ जानेवारी १६२४ ला जे ज्याच्याकडे होतं ते त्याचं. कोण खरा, कोण खोटा हा वादच बाजूला. स्वीडनच्या सैनिकांना घरी पाठवायला ५० लाख थेलर मोजले. पोपने तहाचा निषेध केला, तरीही तह टिकला.

आउग्सबुर्ग शहरात ८ ऑगस्टला आजही शांततेची सुट्टी असते, त्या तहानंतर परत मिळालेल्या हक्कांच्या आठवणीत. १६४८ म्हटलं की मला आधी हे आठवतं. आग कशी लागली यावर शंभर मतं असतील. ती विझवली कशी, हे शिकण्यासारखं आहे.

कऱ्हाकाठ

दूरदेशी, तह मोठा, मान्य. पण तो झाला तो दोन्ही बाजूंचे खजिने रिकामे झाल्यावर. आणि फ्रान्स–स्पेन युद्ध त्यात नव्हतंच, ते १६५९ पर्यंत चाललं. पॅरिसचा शेतकरी-कारागीर त्या तहानंतरही ११ वर्षं कर भरत राहिला.

पुरंदरपायथा

२५ जुलै १६४८ ला जिंजीच्या छावणीत आदिलशाहीच्या मुस्तफाखानाने शहाजीराजांना कैद केलं. जगाच्या यादीत हे का नाही? याच धामधुमीत शिवाजीराजांवर फत्तेखान चालून आला, आणि पुढच्या वर्षी वडिलांच्या सुटकेसाठी कोंढाणा सोडावा लागला.

कऱ्हाकाठ

मला ती घटना जिवाजवळची आहे, पण या यादीत ओढू नये असं वाटतं. ते आदिलशाहीतलं सरदारांचं आणि दरबाराचं राजकारण होतं, भुकेचं किंवा करांचं बंड नव्हे. तिची ओळ वेगळी : १६३६ च्या मोगल–आदिलशाही तहाने विजापूरला उत्तरेची काळजी उरली नाही, म्हणून त्यांच्या फौजा कर्नाटकात उतरल्या. हिंदुस्थानातलं या धाग्याला खरं लागू उदाहरण शाहजहानचं. १६४६–४७ मध्ये बल्खच्या (आजच्या उत्तर अफगाणिस्तानातल्या) मोहिमेत अफाट पैसा घातला आणि औरंगजेब बर्फातून माणसं गमावत माघारी आला. १६४८ च्या वसंतात बादशहाने दिल्लीच्या नव्या लाल किल्ल्यात थाटाने प्रवेश केला, आणि ते वर्ष सरताना इराणची फौज कंदाहारच्या वेशीवर होती. तरीही राज्य हललं नाही.

मृगनक्षत्र

तुम्हीच आता तुमच्या मताला छेद दिलात. बल्खवर उधळपट्टी झाली, वसुली सुरूच होती, आणि बंड मात्र नाही. म्हणजे नुसती वसुली पुरत नाही. त्या दोन-तीन वर्षांत दोआबात १६३० सारखा दुष्काळ नव्हता, हे कारण का नको?

कऱ्हाकाठ

कारण मोगलांची वसुली १६४८ मध्ये एकदम बदलली नाही. मॉस्कोत थकबाकी एकदम मागितली, पॅरिसमध्ये ४ वर्षांचा पगार एकदम बुडवायला निघाले. रोजचं ओझं माणूस ओढतो. त्यावर कुणीतरी एका सकाळी दुसरं टाकतं, तो निर्णय असतो आणि त्यावर सही असते. ती सही शोधायला मॉस्कोत जुन्या हुकुमांची दप्तरं आहेत, पॅरिसमध्ये पार्लमाँची नोंद आहे.

निळी_शाई

त्याच दप्तरांत पुढचं पानही आहे. मॉस्कोच्या दंग्यानंतर झारने सभा बोलावली आणि १६४९ मध्ये नवी कायद्याची संहिता आणली. शहरी लोकांना आणि लहान जमीनदारांना हवं होतं ते मिळालं. त्यात पळून गेलेल्या कुळाला परत धरून आणायची मुदतच काढून टाकली, म्हणजे कूळ कायमचं मालकाच्या जमिनीला बांधलं गेलं. ते २०० वर्षांहून जास्त काळ, १८६१ पर्यंत.