अनुभव धागा : एकाच नावाची दोन पात्रं

वीसफलकी
दादरच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (फासे टाकून, आपापलं पात्र घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ) टेबलावर नवीन मुलीने पात्राचं नाव सांगितलं, रुद्र. समोर आधीच एक रुद्र बसलेला. त्यावरून हा जुना विषय आठवला. नाव कुणी चोरत नाही. रुद्र, अग्नी, वीर, वेताळ ही नावं सुटसुटीत आणि दमदार, म्हणून सगळ्यांनाच सुचतात. गडबड नेमकी कुठे होते आणि कशी निस्तरायची ते लिहा. नवीन माणसाला नाव बदलायला लावणं हा उपाय मला पटत नाही.

गिरगावकर
गडबड लढाईतच. क्लेरिक (बरं करणारा पुरोहित) म्हणतो "रुद्रवर हीलिंग वर्ड" (जखम भरणारा मंत्र). एक रुद्र 0 हिट पॉइंटवर (जीव किती उरला तो आकडा) आडवा, दुसऱ्याचे जेमतेम 4 गेलेले. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) भलत्यालाच बरं केलं की पडलेल्याला डेथ सेव्ह, म्हणजे जगण्या-मरण्याचा वीस बाजूंचा फासा, टाकावा लागतो. 10 किंवा वर आलं तर यश, तीन अपयशं झाली की पात्र खलास. म्हणून इनिशिएटिव्हच्या (लढाईतल्या पाळीच्या क्रमाच्या) कार्डावर आधी हत्यार लिहा, मग नाव: "परशू – रुद्र", "धनुष्य – रुद्र". हाकही तशीच मारायची. कार्ड मधोमध दुमडून उभं करा आणि जाड मार्करने लिहा, बॉलपेनचं टेबलाच्या पलीकडून वाचता येत नाही.

थालीपीठ_हवंय
पेशवाईत थोरले माधवराव आणि सवाई माधवराव होतेच की! तसंच करा. फक्त "रुद्र 1, रुद्र 2" नको, दुसऱ्याला उगाच कमीपणा येतो. टोपणनाव गोष्टीतून येऊ दे.

स्लोलोकल
गाडीत उभ्याने टायपतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये नाव 2 ते 12 अक्षरांचं, स्पेस नाही, आकडे नाहीत. एका रेल्मवर (गेमच्या एका सर्व्हरवर) एकच, पण दुसऱ्या रेल्मवर तेच नाव असू शकतं. म्हणून गेममधल्या टपालाने सोनं पाठवताना "नाव-रेल्म" पूर्ण लिहा. आणखी एक, नाव घेतलेलं असलं की लोक इंग्रजी ई किंवा ओ वर टिंब-टोपी देऊन तेच नाव घेतात. दिसायला जवळपास सारखं, गेमच्या लेखी वेगळं. साध्या कीबोर्डवर ते अक्षर येत नाही आणि टपाल भलत्यालाच जातं. फ्रेंड लिस्टमधून निवडलेलं बरं.

अंधेरीचा_बौना
फायनल फॅन्टसी 14 मध्ये नाव-आडनाव दोन्ही असतं, दोन्ही मिळून 20 अक्षरं. तिथे रुद्र कितीही असोत, आडनावाने सुटतं.
बाल्डर्स गेट 3 मध्ये उलट. नाव न बदलता पुढे गेलं की तयार नाव "टॅव्ह" तसंच राहतं. चौघं मिळून खेळलात तर चार टॅव्ह. पात्र बनवतानाच नाव टाका.

गिरगावकर
@बौना चार टॅव्ह 😂

पावभाजी_पॅलाडिन
रोल20 (असे खेळ ऑनलाइन खेळायची साइट) वाल्यांसाठी. खरी चूक नावाची नसते, टोकनची (नकाशावरच्या पात्राच्या सोंगटीची) असते. पहिल्या रुद्रचं टोकन कॉपी करून फक्त चित्र आणि नाव बदलतात. ते अजून पहिल्याच्याच शीटला (पात्राच्या माहितीच्या पानाला) जोडलेलं असतं. मार दुसऱ्याला बसतो, हिट पॉइंट पहिल्याचे कमी होतात. टोकनवर डबल क्लिक करा, "रिप्रेझेंट्स"मध्ये बरोबर शीट निवडा, मग हिट पॉइंटचा बारही (टोकनवरची पट्टी) त्याच शीटला नव्याने जोडा. बार लोक हमखास विसरतात. शेवटी टोकनच्या कडेला वेगळा रंग द्या.

स्लोलोकल
बारचं माहीतच नव्हतं, आभार!! दोन सेशन त्यातच डोकं खपलं सगळ्यांचं.

थालीपीठ_हवंय
बिचारा डीएम. बरं, धातूचे फासे लाकडी टेबलावर टाकता की ट्रेमध्ये? खाचा पडतायत.

अंधेरीचा_बौना
ट्रेमध्येच. किंवा खाली जाड फेल्ट.

वीसफलकी
नवीन मुलीला विचारलं. नाव तिने ठेवलंय, हाक "धनुष्य". रविवारी पाणी भरलं तर ऑनलाइन बसायचं का?

पावभाजी_पॅलाडिन
बसू. नकाशा शनिवारी रात्री चढवतो, टोकनं तपासूनच.