रात्री एकटीने टॅक्सीने येता-जाताना : आपापले अनुभव लिहावेत

मेघना_कोथरूड :
माझ्या भाचीला हिंजवडीत नोकरी लागली असून पुढच्या महिन्यापासून तिची कामाची पाळी रात्री उशिरा संपणार आहे. काल तिने सहज विचारले, "मावशी, तू कॉल सेंटरला असताना रात्रीची कशी यायचीस गं?" त्या प्रश्नाने २००७ चा नोव्हेंबर जसाच्या तसा आठवला. पुण्यातील एका बीपीओत काम करणाऱ्या तरुणीला रात्रपाळीसाठी न्यायला आलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने गहुंज्याजवळ तिच्यावर अत्याचार करून तिचा खून केला होता. ती गाडी रस्त्यावर हात दाखवून थांबवलेली नव्हती, कंपनीच्या कामावरचीच होती. त्यामुळे 'गाडी रोजची आहे' या शब्दांवरचा आमचा सगळ्या मुलींचा विश्वास त्या आठवड्यात उडाला.

त्यानंतर आम्ही मैत्रिणींनी एक नियम केला आणि तो मी आजही पाळते : गाडीत चालकाशिवाय दुसरा कोणीही असेल, मग तो त्याचा भाऊ असो, मित्र असो किंवा 'पुढच्या चौकात उतरणारा' असो, तर त्या गाडीत बसायचे नाही. आमच्या कार्यालयात शेवटी उतरणाऱ्या मुलीसोबत सुरक्षारक्षक देण्याची पद्धतही त्याच सुमारास सुरू झाली. पुढे २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येणार नाही आणि तिच्या सुरक्षिततेची व वाहतुकीची व्यवस्था मालकाने केली पाहिजे, असे स्पष्ट केले. भाचीला मी सांगितले आहे की ही व्यवस्था मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. बाकी तुम्ही सांगा, तुम्ही काय करता?

अस्मिता_परळ :
चाइल्ड लॉक. मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि दुसरी पाळी संपवून निघताना मागचे दार उघडले की आधी त्याची कड पाहते. कुलपाच्या खाली किंवा वर एक छोटी खुंटी असते, काही गाड्यांत किल्लीने फिरवायची खाच असते. ती फक्त दार उघडे असतानाच दिसते आणि ती लावलेली असली तर दार आतून उघडत नाही. अंधारात मी अंगठा फिरवून पाहते. एकदा ती लावलेली सापडली. चालकाला विचारले तर तो म्हणाला, "सकाळी शाळेची पोरं असतात ताई, राहून गेलं," आणि खाली उतरून त्याने ती लगेच काढली. तो माणूस अगदी सरळ होता, मला सुखरूप घरी सोडले. तरीही मी दर वेळी पाहते, कारण समोरचा सरळ आहे की नाही हे ओळखायला रात्री साडेअकरा वाजता माझ्याकडे दुसरे साधन नसते.

जुन्या पद्मिनी टॅक्सीत ही भानगड नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतून ती गाडी गेली तेव्हा मला खरोखर वाईट वाटले. आमच्या नाक्यावरचे बहुतेक टॅक्सीवाले चेहऱ्याने माहीत असायचे आणि एखादी मुलगी एकटी उभी दिसली की त्यांच्यातलेच कोणी वडीलधारे "बेटी, इसमें बैठो" म्हणून गाडी दाखवायचे.

सुलभा_काकू :
अस्मिता, परळला कुठे गं? माझी सून तिथेच असते. तिलाही त्या खुंटीचे दाखवून ठेवते, मला आजवर हे माहीतच नव्हते.

विश्वास_नागपूर :
माझी मुलगी रात्रीच्या गाडीने अजनीला उतरत असे तेव्हाची गोष्ट. डिसेंबर २०१९ मध्ये, हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवर अत्याचार करून तिचा खून झाला त्या घटनेनंतर, नागपूर पोलिसांनी रात्री नऊ ते पहाटे पाच या वेळेत अडकलेल्या स्त्रियांना विनामूल्य घरी पोहोचवण्याची सोय जाहीर केली होती. मुलीला ती वापरावी लागली नाही, परंतु फोन केला तर पोलिसांची गाडी येईल या भरवशामुळे मला निदान अंथरुणाला पाठ टेकता येत असे. माझी कळकळीची विनंती एवढीच आहे की ११२ हा क्रमांक लावताना 'उगाच कशाला त्रास द्यायचा' असा विचार कोणत्याही मुलीने करू नये. चालकाने न सांगता रस्ता बदलला आणि विचारल्यावर नीट उत्तर दिले नाही, एवढे कारण फोन करायला पुरेसे आहे.

रेवा_न्यूजर्सी :
इकडे २०१९ मध्ये दक्षिण कॅरोलायनात एक विद्यार्थिनी आपणच बोलावलेली गाडी समजून दुसऱ्याच गाडीत बसली आणि तिचा खून झाला. तेव्हापासून इकडच्या मुलींना एक प्रश्न पाठ करून दिला जातो : "तुम्ही कोणाला न्यायला आला आहात?" आपण आपले नाव आधी सांगायचे नाही, ते त्याच्या तोंडून येऊ द्यायचे. "तुम्ही रेवासाठी आलात ना?" असे विचारले तर कोणीही हो म्हणेल. भारतात ओटीपी असतो म्हणून बहिणी निर्धास्त असतात. मात्र ओटीपी जुळल्याने बुकिंग तेच आहे एवढेच कळते. एकाच्या खात्यावर दुसराच माणूस, दुसरीच गाडी घेऊन आलेला असू शकतो. त्यामुळे क्रमांक आणि चेहरा दोन्ही ॲपवर दिसतात तेच आहेत ना, हे पाहिल्यावरच ओटीपी सांगावा.

सारथी_पिंपरी :
मी स्वतः कॅब चालवतो, म्हणून लिहितो. रेवाताईंचे बरोबर आहे. क्रमांक वेगळा दिसला तर बुकिंग रद्द करा, "गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे" हे कारण ऐकून घेत बसू नका. पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असली पाहिजेत. विजेवरच्या टॅक्सीची पाटी हिरवी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवायची नसते, मग ती कितीही स्वस्तात नेत असली तरी.

आणखी एक. गाडीत बसल्याबरोबर घरी फोन करून माझ्यासमोर माझ्या गाडीचा क्रमांक सांगितला तर मला राग येत नाही. मलाही मुलगी आहे. उलट जी प्रवासी असे करते तिच्याशी पुढचा व्यवहार सरळ होतो. फक्त ठरलेला रस्ता सोडून दुसरीकडून जायचे असेल तर ते सुरुवातीला सांगावे, कारण नकाशा दाखवतो त्या रस्त्याने आम्ही जातो आणि मग मागे बसलेली मुलगी घाबरते.

मेघना_कोथरूड :
दादा, तुम्ही लिहिलेत याचे फार बरे वाटले. एक विचारते. आपत्कालीन बटण सगळ्या टॅक्सींत असते का?

सारथी_पिंपरी :
१ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या टॅक्सींना ते बटण आणि गाडी कुठे आहे हे कळवणारे यंत्र बंधनकारक झाले. रिक्षांना ते लागू नाही. बसल्यावर ते हाताला कुठे लागते हे पाहून ठेवावे, मात्र त्याच्यावरच विसंबू नये. आपला फोन हातात आणि चार्ज केलेला असावा.

धनश्री_वाकड :
सगळे चालकाच्या हेतूबद्दल लिहीत आहेत, मला चालकाच्या झोपेबद्दल लिहायचे आहे. दादरहून रात्री उशिरा टॅक्सीने पुण्याला येत होते. खालापूरचा टोलनाका जवळ आला तेव्हा गाडी हळूहळू डावीकडच्या पट्ट्यावर सरकायची आणि मग एकदम झटका देऊन सरळ व्हायची. आरशात पाहिले तर त्याच्या पापण्या मिटत होत्या, खिडकीची काच त्याने पूर्ण खाली घेतली होती आणि तो तंबाखू मळायच्या निमित्ताने सारखा हात हलवत होता. मी आवाज न चढवता म्हटले, "दादा, फूड मॉलला थांबू, चहा माझ्याकडून." तो नको म्हणाला, मी आग्रह सोडला नाही. तिथे दिव्याच्या उजेडात, माणसांच्या वर्दळीत आम्ही चांगला अर्धा तास थांबलो. त्याने तोंड धुतले, चहा घेतला आणि मग स्वतःच सांगितले की तो सकाळपासून गाडीवर होता. घाट लागण्याआधी हे झाले म्हणून बरे. एकटी स्त्री असली की 'मध्येच कुठे थांबायचे नाही' असे आपल्याला शिकवलेले असते. माझे मत वेगळे आहे : टोलनाका, पेट्रोल पंप, फूड मॉल या ठिकाणी जरूर थांबावे, आणि डोळे मिटणाऱ्या चालकाला 'सांभाळून चालवा' एवढेच सांगून भागत नाही.

सुलभा_काकू :
धनश्री, अगदी खरे. आमच्या शेजाऱ्यांचा अपघात पहाटे असाच झाला होता. आम्ही काळजी भलत्याच गोष्टीची करत बसलो होतो.

शांभवी_मडगाव :
गोव्यात मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून रात्रीच्या विमानाने उतरले की मडगावपर्यंतचा रस्ता लांबचा पडतो. मी काउंटरवरूनच टॅक्सी घेते, पावतीचा आणि गाडीच्या पाटीचा फोटो भावाला पाठवते आणि घराच्या दाराशी न उतरता कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानासमोर उतरते, तिथे रात्रभर उजेड असतो. अनोळखी चालकाला नेमके घर कळू नये असे मला वाटते. बाकीच्या काय करतात?

अस्मिता_परळ :
शांभवी, मी उलट करते. गेटपाशीच उतरते, कारण आमच्याकडे वॉचमन असतो आणि कोपऱ्यापासूनचे चालणे हाच रस्त्याचा सर्वांत अंधारा भाग आहे. ज्याच्या त्याच्या गल्लीवर अवलंबून आहे. मेघनाताई, भाचीला तिच्या गल्लीत एकदा रात्रीची घेऊन जा आणि कुठे उतरायचे ते दोघींनी तिथे उभे राहूनच ठरवा.

मेघना_कोथरूड :
शनिवारी जेवण झाल्यावर जाणार आहोत. चाइल्ड लॉकची खुंटी आमच्याच गाडीच्या दारावर तिला दाखवली आहे आणि ११२ तिने फोनच्या पहिल्या पानावर घेतला आहे.