खाली घेतलेल्या पिकअपला हवेचे फुगे: पाटेवाले आणि फुगेवाले, दोघांनीही बोला

तारकर्ली_किनारा
परवा कुडाळच्या एका गॅरेजवर यावरून एवढी खडाजंगी झाली की म्हटलं इथेच मांडतो. आमची पिकअप आधीच्या मालकाने मागून खाली घेतलेली आहे. पाट्यांच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) खाली असलेला, दोन्ही चाकं जोडणारा अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर बसवलाय. दिसते झकास, आणि माझ्या धंद्याला सोयीचीही. स्कूबाची सिलिंडरं, आउटबोर्ड इंजिन, कंप्रेसर असलं सगळं रोज चढवायचं-उतरवायचं तर हौदा जितका खाली तितकी कंबर वाचते. पण माल भरला की अ‍ॅक्सल थेट चेसीखालच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याखालच्या) रबरी ठोकळ्यावर आपटतो आणि गावातला प्रत्येक गतिरोधक बुडाला घासतो.

माझं मत स्पष्ट आहे: अशा गाडीला एअर बॅगच पाहिजे, म्हणजे अ‍ॅक्सल आणि चेसीच्या मधे बसणारे हवेचे रबरी फुगे. माल चढवताना हवा सोडा, हौदा खाली. निघताना भरा, गाडी वर. जास्तीचा पाटा टाकला तर रिकाम्या गाडीत पाठीचे मणके मोजता येतात, हवेचं तसं नाही. हिशेबही सोपा आहे. १५ सेंमी व्यासाच्या फुग्याचं क्षेत्रफळ साधारण १७७ चौरस सेंमी. ५० पाउंड हवा म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो. एक फुगा ६२० किलोच्या आसपास उचलतो, दोन मिळून १२०० च्या वर. विरोध जरूर करा, पण कारणासकट.

पाटा_कमान
घ्या कारण. पाट्यांचा भार चेसीवर दोन ठिकाणी जातो, पुढच्या हँगरला (पाट्याचं टोक अडकवायचा ब्रॅकेट) आणि मागच्या शॅकलला (टोकाची हलती कडी). चेसी त्या हिशेबानेच बनवलेली असते. फुगा बसतो अ‍ॅक्सलच्या डोक्यावर. म्हणजे तुमचे ते ६२० किलो चेसीच्या अशा तुकड्यावर येणार, जिथे ते येतील असं कुणी धरलेलंच नव्हतं. त्यात तुमचा अ‍ॅक्सल आधीच वर चढलेला. फुग्याला जागा कुठे आहे? मग एखादा मिस्त्री गॅसकटर घेऊन चेसीला खालून कमान कापणार आणि वरून पट्टी वेल्ड करणार. असली गाडी माल भरून आंबोलीतून उतरवायची? मी तरी शेजारच्या सीटवर बसणार नाही.

आणि पाटे नुसतं वजन उचलत नाहीत, अ‍ॅक्सलला जागेवर धरूनही ठेवतात. पाटे काढून फक्त फुगे लावायचे तर अ‍ॅक्सल धरायला चार आर्म, बऱ्याचदा जोडीला आडवा रॉड, असलं काहीतरी लागतं. व्हिडिओवाले तेवढंच सांगायचं विसरतात.

घाटरस्ता
एवढे वाईट असतात तर गोव्याच्या व्होल्वो बसला काय म्हणून लावलेत? रात्रभर चिपळूण-कणकवलीचे खड्डे खाऊन माणूस सकाळी ताजा उतरतो तो फुग्यांच्याच जिवावर.

पाटा_कमान
बसला इंजिनवर चालणारा कंप्रेसर असतो, हवेतलं पाणी काढणारा ड्रायर असतो, उंची आपोआप सारखी ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. अख्खी चेसीच फुग्यांसाठी बनवलेली. तुमच्याकडे १२ व्होल्टचा कंप्रेसरचा डबा आणि डॅशबोर्डखाली दोन बटणं. बरोबरी कशी करता?

आचऱ्याचो
माका एकच सांगा. पाटो तुटलो तर कणकवलीत, मालवणात, खयव मिस्त्री गावता. फुगो फुटलो तर कोणाक हाडतलास? जत्रेतल्या फुगेवाल्याक?

तारकर्ली_किनारा
हसलो. पण पाटे काढायचे असं मी म्हटलेलंच नाही. पाटे राहणार, फुगे मदतीला. फुगा फुटलाच तर पाट्यावर हळूहळू घरी येता येतं. चेसी कापायलाही माझी तयारी नाही. फुग्याचा ब्रॅकेट चेसीच्या बाहेरच्या अंगाने घेता येतो, तेवढी जागा मोजून पाहिली आहे.

मिरकरवाडा_मासळी
आमच्या पिकअपला मदतीचे फुगे आहेत, पण गाडी खाली घेतलेली नाही, मूळ उंचीची आहे. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं पटतं.

रबराला समुद्र काही करत नाही. खारं पाणी खातं ते फुग्याच्या वर-खालच्या लोखंडी ताटल्या आणि त्यांचे बोल्ट. मासळीच्या गाडीत बर्फ वितळून खारं, चिकट पाणी हौद्याच्या सांध्यांतून रात्रभर टपकतं, ते बरोबर वरच्या ताटलीवर. फुग्याला मध्ये जी घडी असते तिच्यात लाल माती आणि जांभ्याची बारीक कच बसते. गाडी खाली आली की घडी मिटते आणि ती कच रबरावर पॉलिशपेपर फिरवावा तशी फिरते. मी गाडी धुताना हवा पूर्ण भरून घडी उघडतो आणि पाण्याचा फवारा आत मारतो. त्याच वेळी जोडांवर साबणाचं पाणी. बुडबुडा आला की नळी काढून टोक सरळ कापायचं आणि परत बसवायचं. बहुतेक गळती फुग्यात नसते, तिरक्या कापलेल्या नळीत असते.

तुमची गाडी उभी असताना रोज पूर्ण बसणार. म्हणजे घडी रोज मिटणार, कच रोज घासणार. माझ्या फुग्यांना हा त्रास नाही, तुमच्या होईल. आणि पावसाळ्यात हवेच्या टाकीत पाणी साचतं, एवढी आपली हवा ओली. टाकीचा खालचा कॉक उघडून पाणी काढत जा. फुग्यांचा कंप्रेसर चेसीवर लटकवू नका, त्याला हवा केबिनमधून घ्या.

घाटरस्ता
एक राहिलं. डाव्या-उजव्या फुग्याला टी (तीन तोंडांचा जोड) लावून एकच नळी देणारे महाभाग आहेत. वळणावर बाहेरच्या बाजूला भार आला की तिकडची हवा आतल्या फुग्यात पळते आणि गाडी आणखी कलंडते. फोंडा घाटात हे करून बघू नये. दोन बाजू, दोन वेगळ्या नळ्या.

पासिंग_झालं_का
कायद्याचं कुणी बोलत नाही म्हणून मी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. पुढे त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालवाहू गाडी आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंगला उभी करावीच लागते. फुगे पुढची गोष्ट, आधी तो उलटा बसवलेला अ‍ॅक्सल इन्स्पेक्टरला दाखवा.

ब्रेक_ऑइल
सगळे पाटे-फुगे करताहेत आणि ब्रेक कुणाच्या गावी नाही. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलपासून एक बारीक दांडी चेसीवरच्या व्हॉल्व्हला गेलेली असते. माल भरला की चेसी खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब रोखतो, म्हणजे मागची चाकं जाम होत नाहीत. आता तुम्ही भरलेली गाडी फुग्यांनी उचललीत तर व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटणार. टनभर माल घेऊन करूळ घाट उतरताय आणि मागचे ब्रेक अर्ध्या ताकदीवर. म्हणून माझा विरोध.

तारकर्ली_किनारा
हा मुद्दा दमदार आहे. पण तो उलटाही लागतो ना? गाडी खाली घेतली त्या दिवसापासून अ‍ॅक्सल आणि चेसी जवळ आलेत. म्हणजे दांडी तशीच ठेवली असेल तर आत्ता, रिकामी असतानाही, व्हॉल्व्हला गाडी भरलेलीच वाटतेय. पहिल्या पावसात रस्ता निसरडा झाला की मागची चाकं आधी जाम होणार. ज्यांना नुसती खाली घेतलेली गाडी चालते आणि फुगे चालत नाहीत, त्यांनी याचं उत्तर द्यावं. मी तर म्हणतो, फुग्यांनी चालवायची उंची मूळ उंचीच्या जवळ आणली तर रिकाम्या गाडीत हा दोष कमीच होतो.

ब्रेक_ऑइल
रिकाम्या गाडीत, कबूल. भरल्यावर माझंच खरं. तुम्ही उंची बदलत राहणार, दांडी एकाच मापाला बसवलेली राहणार.

पाटा_कमान
मग मी पहिल्यापासून वेगळं काय सांगतोय? अ‍ॅक्सल परत पाट्यांखाली घ्या. पाटे आणि अ‍ॅक्सल बांधणारे यू-बोल्ट नवे टाका, जुने ताणलेले असतात. इंजिन चढवायला हौद्यावर हाताने फिरवायची छोटी क्रेन बसवा. कंबरही वाचेल, पासिंगही होईल.

तारकर्ली_किनारा
क्रेन फिरवायला पुळणीत गाडी सरळ उभी तरी राहिली पाहिजे! एक चाक रुतलेलं असतं आमचं. फुग्यांनी तिथे एक बाजू वर घेता येते.

आचऱ्याचो
रुतलेली गाडी फुग्यान भायर येयत नाय. ट्रॅक्टर बोलव.