अनुभव धागा: सुपरहिरो फिगर्स, साध्या क्लासिक ठेवाव्यात की बारीक कामाच्या?

मंडळी, हा धागा बरेच दिवस डोक्यात होता, आता वेळच आलीय म्हणून काढतोय. माझ्याकडे सुपरहिरोंच्या बेचाळीस ॲक्शन फिगर्स, म्हणजे हातपाय हलवता येणारे छोटे पुतळे, आहेत. निम्म्या जुन्या वळणाच्या, सपाट रंग, गुळगुळीत अंग, मोजके सांधे. निम्म्या हल्लीच्या, ज्यांच्या ड्रेसची वीण, शिलाई, चिलखताच्या पट्ट्या सगळं कोरलेलं असतं. दिवाळीनंतर आम्ही डोंबिवलीतच दुसऱ्या घरात जातोय, तिथे आईला स्वतंत्र खोली द्यायचीय, त्यामुळे माझ्या वाट्याला एकच शोकेस येणार आणि त्यात दाटीवाटीने वीस मावतील. बाकीच्या देऊन टाकायच्या किंवा विकायच्या.

माझी पहिली फिगर म्हणजे १९८५ साली मामाने अमेरिकेहून आणलेला सुपरमॅन, केनर कंपनीच्या सुपर पॉवर्स मालिकेतला. ती मालिका १९८४ ते १९८६ अशी तीनच वर्षं चालली. त्याचे पाय दोन बोटांत दाबले की हात ठोसा मारतात, आणि ती करामत त्याच्यात आजही चालते. छातीवरचा एस, लाल चड्डी, पिवळा पट्टा, कापडी केप, संपलं. त्या मालिकेतल्या चेहऱ्यांमागे होजे लुईस गार्सिया-लोपेझ या चित्रकारांनी सुपरमॅनची कॉमिक्स काढणाऱ्या डीसी कंपनीसाठी काढलेली चित्रं होती आणि माझ्या मते तेवढा स्वच्छ सुपरमॅन नंतर कुणाला जमला नाही.

मग २०११ मध्ये कॉमिक्समधल्या सुपरमॅनची चड्डी गेली, गळ्याला कॉलर आली, अंगभर रेघा आल्या, तसल्या फिगर्स मी हौसेने घेतल्या. २०१८ ला ॲक्शन कॉमिक्सच्या हजाराव्या अंकात चड्डी परत आली, २०२५ च्या सिनेमातही तो चड्डी घालूनच आला. आता कपाटासमोर उभं राहिलं की नजर आधी मामाच्या सुपरमॅनवर जाते, पण हातात घेऊन बघत बसावंसं वाटतं ते बारीक कामाच्या फिगरकडे. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत म्हणूनच अडलोय. तुम्ही काय ठेवलंत, काय काढलंत आणि नंतर हळहळ वाटली का, ते सविस्तर लिहा.

रंगारी

मी फिगर्स परत रंगवून देतो, पंधरा वर्षं झाली, त्यामुळे माझं मत ब्रशच्या बाजूने आहे. लोक समजतात साधी फिगर बनवायला सोपी. उलट आहे. बारीक कामाच्या फिगरवर काळपट पातळ रंगाचा हात फिरवून पुसून घेतला की तो खाचांत बसतो आणि रंगाची निम्मी चूक झाकली जाते. साध्या सुपरमॅनला लपायला जागाच नाही, निळ्याच्या कडेला लाल केसभर सरकला तरी ओरडून दिसतं.

स्पायडरमॅन घ्या. स्टीव्ह डिटकोंनी १९६२ साली काढलेला ड्रेस अजून तसाच चाललाय कारण तो मुळातच दोन्ही आहे, लाल-निळे मोठे भाग लांबून कळतात आणि जाळं जवळून. माझ्या टेबलावर आत्ता दोन पडलेत. एकाचं जाळं कोरलेलं आहे, दुसऱ्याचं नुसतं छापलेलं. सरळ उभे केले तर छापलेला जास्त सुंदर दिसतो, रेघ नाजूक आहे. पण कोपर दुमडलं की दुहेरी सांध्याच्या मधला जो तुकडा बाहेर येतो तो कोरा लाल, त्यावर जाळंच नाही, आणि वरची रेघ खालच्या रेघेला जाऊन मिळत नाही. कोरलेल्यात मधल्या तुकड्यावरही खाच आहे, तिथे काळा रंग जरा उडालाय तरी डोळा ती रेघ स्वतःच पुरी करतो. म्हणजे तुम्ही फिगर उभीच ठेवणार असाल तर छापील, वाकवणार असाल तर कोरलेलं. माझ्याकडून एवढं ठाम सांगतो.

दादरचा जुना गडी

मुंबईत राहणाऱ्यांनी हे वाचाच. माझ्याकडे बारा इंची बॅटमॅन होता, म्हणजे खऱ्या माणसाच्या एक षष्ठांश. चेहऱ्यावर दाढीचे खुंट दिसायचे. अंगात नकली चामड्याचा सूट. दीड महिन्याचा पगार घातला होता, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण ही तक्रार त्या मटेरियलबद्दल आहे, तसं मटेरियल बरेच जण वापरतात. पहिले दोन पावसाळे ठीक गेले. तिसऱ्यात खांद्याला बारीक सुरकुत्या पडल्या, मला वाटलं तशीच पोझ दिलीय म्हणून. चौथ्या वर्षी गणपतीच्या साफसफाईत काच उघडली तर त्याच्या पायाशी काळे पापुद्रे पडलेले, कंदिलाच्या काचेवरच्या काजळीसारखे, आणि हात लावला तिथून सूट सुटत गेला, आतलं पांढरट कापड उघडं पडलं.

नंतर कळलं की तो पॉलियुरेथेनचा थर असतो आणि हवेतल्या ओलाव्याने तो आतून तुटत जातो. प्लास्टिकच्या डब्यात गच्च बंद करून ठेवला तरी वाचत नाही. सिलिका जेलच्या पुड्या ठेवून, काच थोडी उघडी ठेवून थोडं लांबवता येतं इतकंच.

त्याच कपाटात वरच्या कप्प्यात माझा १९८४ चा निळा-करडा बॅटमॅन उभा आहे, छातीवर पिवळा अंडाकार. चाळीस पावसाळे झाले, केपचा रंग जरा विटलाय, बाकी तसाच. अजूनही त्या मोठ्या बॅटमॅनचा चेहरा मी रुमालात गुंडाळून ठेवलाय, टाकवत नाही.

एडिसनवाला

क्लासिक की डिटेल ह्यापेक्षा सांधे किती आणि कुठे हा माझ्या लेखी खरा प्रश्न आहे. २००२ साली मी इकडे अमेरिकेत शिकायला आलो त्याच वर्षी टॉय बिझ कंपनीने मार्व्हल लेजंड्स ही फिगर्सची मालिका सुरू केली, सहा इंची, सोबत एक कॉमिक. पहिल्या फेरीत आयर्न मॅन, कॅप्टन अमेरिका, हल्क आणि टोड. मी कॅप्टन घेतला आणि त्या रात्री अभ्यास सोडून त्याच्या पोझ लावत बसलो होतो, घरची आठवण येण्याचे दिवस होते ते, टेबलावर कुणीतरी आहे असं वाटायचं. २००७ पासून ती मालिका हॅस्ब्रो कंपनीकडे आली, अजून चालू आहे.

गंमत म्हणजे कॅप्टनच्या बाबतीत डिटेल हेच क्लासिक आहे. छातीवरची खवल्यांची जाळी १९४१ पासून त्याच्या ड्रेसचा भाग आहे, ती सपाट निळ्या रंगात दाखवली तर मला तो अपुरा वाटतो. पण त्याच खवल्या पोटाच्या सांध्याशी भांडतात. फिगर पुढे वाकवली की खवल्यांची ओळ मधोमध फाटते. खांदा छातीपुढे आणता येतो तो सांधा तर छातीच्या स्नायूची रेघच कापतो. गुळगुळीत ड्रेसवर ती चीर एवढी डोळ्यात येत नाही. जितकं कोरीवकाम जास्त तितकी सांध्याची जागा उघडी पडते, हे मी शंभरेक फिगर्स हाताळून सांगतोय. गेल्या काही वर्षांत कोपर-गुडघ्यातल्या दिसणाऱ्या पिना गेल्या, त्यामुळे साध्या ड्रेसवाल्यांचं नशीबच उघडलं. उघड्या दंडावरच्या त्या दोन गोल टिकल्या फार खटकायच्या.

शिवणकाम करणारी

मी स्वतः जमवत नाही, नवरा आणि मुलगा जमवतात, मी दोघांच्या फिगर्सच्या केपा शिवते. मागच्या वर्षी नवऱ्याने सात इंची फिगर दाखवली, बघ प्रत्येक टाका दिसतोय म्हणून. मी मोजपट्टी लावली. टाका एक मिलिमीटर. फिगर खऱ्या माणसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याची, म्हणजे खऱ्या माणसाच्या अंगावर तो टाका झाला एक सेंटीमीटरचा. पोत्याला घालतात तसा टाका तो. मला कपड्यातलं कळतं म्हणून मला ते चुकीचंच दिसतं, आणि एकदा सांगितल्यावर आता नवऱ्यालाही दिसायला लागलंय. ह्या मापाला खऱ्या कापडाची शिवण जवळजवळ दिसूच नये, त्यामुळे गुळगुळीत फिगर मला जास्त खरी वाटते. कोरायचंच तर घड्या कोरा, काखेत, गुडघ्यामागे, कंबरेत.

केपसाठी सॅटिन घेऊ नका, ह्या मापात ते ताठ उभं राहतं आणि उगाच फुगतं. साडीच्या फॉलपेक्षा पातळ असं अस्तराचं कापड घ्या, कड दुमडून शिवू नका, फॅब्रिक ग्लूने एकच घडी चिकटवा आणि त्या घडीत बारीक तार सोडा, मग केप वाऱ्यावर उडवता येते. मुलगा नऊ वर्षांचा आहे, तो खेळतो, नुसतं बघत नाही. त्याच्या हातात बारीक कामवाल्यांचे काटे, पट्ट्यावरच्या पिशव्या, बोटं पहिल्या आठवड्यात जातात. साधे पाच सांध्यांचे गडी मात्र बादलीत बुडून, गच्चीवरून पडून पुन्हा उभे आहेत.

कोल्हापूरकर

आमच्याकडे सुपरहिरो म्हणजे आधी वेताळ. ली फॉक यांनी १९३६ ला काढलेला फँटम, आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून आला आणि मराठीत वेताळ झाला. वडिलांच्या ट्रंकेत अजून दीडशेच्या वर अंक आहेत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेले.

मी दोन वेताळ आणले. एक चार इंची, जांभळा, पट्टेरी चड्डी, काळा मुखवटा, साधा. दुसरा सात इंची, स्नायू, पट्ट्याची चामडी, पिस्तुलाच्या मुठीवरच्या रेघा, सगळं. मला लहानच आवडला होता, तो अंकातून उतरल्यासारखा दिसतो. वडिलांचं वय चौऱ्याहत्तर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी दोन्ही हातात घेतले, खिडकीशी गेले, आणि लहान वेताळ बाजूला ठेवून मोठ्याचा उजवा हात बघायला लागले. मला कळेना. म्हणाले, “कवटीची अंगठी उजव्या हातात असते, शुभचिन्हाची डाव्या हातात, काळजाच्या बाजूला. ह्याच्यात ती आहे का बघतोय.” भिंग आणून दिलं. उजव्या हाताच्या बोटावर तांदळाच्या कणीएवढी कवटी होती, डोळ्यांच्या दोन खोबणींसकट. लहान वेताळाच्या बोटावर तिथे नुसता ठिपका. वडिलांनी मोठा वेताळ ठेवून घेतला, त्यांच्या पलंगाशेजारच्या कोनाड्यात आहे.

त्या दिवसापासून मी कामाचं डिटेल आणि भरतीचं डिटेल असं वेगळं बघायला लागलो. अंगठीवर वेताळाची गोष्ट उभी आहे, ती हवीच. पण सुपरमॅनच्या मांडीवरच्या रेघांना कुठली गोष्ट आहे ते मला कुणी सांगितलेलं नाही. धागाकर्त्यांनी बेचाळीस फिगर्स समोर मांडून प्रत्येकीला हाच प्रश्न विचारून बघावा.

पणजीकर

थोडं पैशांबद्दल, कारण त्याशिवाय हा विषय अर्धाच राहतो. फेब्रुवारी २०२० मध्ये आयात खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० वरून ६० टक्के झाली, २०२३ ला ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, शिक्का सक्तीचा. आमच्या गोव्यात फनस्कूल या खेळणी कंपनीचा कारखाना, लहानपणी जी. आय. जो हे छोटे सैनिक त्यांचेच घेतले, शंभर रुपयांच्या आतबाहेर यायचे, हरवला तर दुसरा घेता यायचा. आता बारीक कामाची एक फिगर मागवायची तर त्यात तीन-चार साध्या येतात. म्हणून मी वर्षाला एकच घेतो आणि ती घ्यायच्या आधी सहा महिने फोटो बघत राहतो. तुम्ही वीस ठेवताय ना, मग विकताना बारीक कामवाल्या खोक्यासकट विका, त्यांना किंमत खोक्यामुळे येते, आणि सांधे ढिले असतील तर खरेदी करणाऱ्याला आधी सांगा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री कोल्हापूरकरांनी सांगितलं तसं बेचाळीसही फिगर्स सतरंजीवर मांडल्या, आई पण येऊन बसली. रेघांना गोष्ट आहे का हे विचारत गेल्यावर नवीन सुपरमॅन चारही गेले, कॉलरवाला धरून. आयर्न मॅन बारीक कामाचेच ठेवले, तो यंत्रच आहे, त्याच्या पट्ट्या आणि फटी दिसायलाच हव्यात. स्पायडरमॅन दोन ठेवले, एक छापील, उभा, एक कोरलेला, भिंतीला लटकवायला. बॅटमॅनवर अडलोय, तिथे अजून पाच आहेत आणि जागा दोघांची. नकली चामड्याचा एक त्यात आहे, त्याच्या खांद्यावर सुरकुत्या आहेत का ते आजच बॅटरी घेऊन बघणार.

शिवणकामवाल्या ताई, मामाच्या सुपरमॅनची केप खालच्या कडेने उसवलीय, मूळ कापड बदलायचं नाहीये. त्याच कडेत तार सोडता येईल का, आणि किती गेजची घेऊ? चिकटवताना लाल रंग पसरणार नाही ना, एवढं सांगा.