मदत हवी आहे: शाळेच्या खोल्यांची माहिती मागितली, शिक्षण विभाग आणि बांधकाम एकमेकांकडे बोट दाखवतात

गावशिव

नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय.

आमच्या शाळेच्या दोन खोल्या पाडल्या. नवीन बांधायला घेतल्या आणि काम जोत्यावर येऊन थांबलं. माहितीच्या अधिकारात अर्ज (आरटीआय) टाकला तर उत्तर आलं, "सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही, संबंधित विभागाशी संपर्क साधावा." संबंधित विभाग कोणता, ते लिहिलेलं नाही. तोंडी विचारलं तर शिक्षणवाले म्हणतात बांधकामला विचारा, बांधकामवाले म्हणतात फाइल शिक्षणकडे आहे.

मुलं समाजमंदिरात बसतात. तिथे कुणाचा साखरपुडा असला की त्या दिवशी शाळा सुटलीच. पावसाळ्यात जोत्यात पाणी साचतं, वर काढलेल्या सळया गंजून लाल झाल्यात आणि मधल्या सुट्टीत पोरं त्या सळयांमध्येच पळापळी खेळतात.

थेट माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं का? माझी तयारी आहे. लवकर सांगा.

कलम_सहा

थेट नाही. पहिलं अपील झाल्याशिवाय दुसरं अपील दाखल होत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम १८ खाली आयोगाकडे तक्रार करता येते, पण त्यात अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, कागद हातात पडतीलच असं नाही. तुम्हाला कागद हवेत ना? मग अपिलाचाच रस्ता धरा.

आता हे सांगा: शाळा जिल्हा परिषदेची की संस्थेची? अर्ज नेमका कोणत्या कार्यालयात दिला? कधी दिला, उत्तर कधी आलं? आणि मागितलं काय होतं? अर्जातला मजकूर जसाच्या तसा टाका.

निवृत्त_गुरुजी

मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. आरटीआयच्या भानगडीत पडू नका. तुम्ही पालक आहात ना? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणं हे त्या समितीचं कामच आहे. मुख्याध्यापकांना समितीची बैठक लावायला सांगा, कपाट उघडायला लावा. निम्मी कागदपत्रं शाळेतच सापडतील. अर्ज गेला की मुख्याध्यापक घाबरतात आणि मग साधी गोष्टही सांगत नाहीत.

कलम_सहा

गुरुजी, आदर ठेवून सांगतो, तोंडी मागणीवर आजवर किती जणांना मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजमापांची सरकारी नोंदवही) बघायला मिळाली? ती शाळेच्या कपाटात नसतेच. आवक शिक्का असलेला कागद नसेल तर उद्या कुणीही म्हणेल की आमच्याकडे कुणी मागितलंच नव्हतं.

निवृत्त_गुरुजी

मोजमाप पुस्तिका नसेल, पण खोल्या पाडण्याचा ठराव समितीच्या प्रोसिडिंगमध्ये (इतिवृत्तात) असतो, तो तर शाळेतच आहे. आणि तालुक्याला पाठवलेल्या पत्रांच्या स्थळप्रती, म्हणजे शाळेत ठेवलेल्या प्रती. तिथून सुरुवात केली तर कुठल्या तारखेला कुठल्या जावक क्रमांकाने काय गेलं हे कळतं. तुमच्या आरटीआयलाही तेच क्रमांक लागणार आहेत.

गावशिव

शाळा जि. प.ची. गावात दुसरी कुठली असणार? अर्ज तालुक्याला गटशिक्षणाधिकारी कार्यालयात दिला. मेच्या अखेरीला दिला, उत्तर आत्ता जुलैच्या मध्यात आलं. मजकूर असा होता:

"आमच्या शाळेच्या खोल्या का पाडल्या, नवीन खोल्या का पूर्ण होत नाहीत, याला जबाबदार कोण, तसेच शाळेवरील दुसरे शिक्षक कोठे आहेत व त्यांच्या हजेरीची संपूर्ण माहिती द्यावी."

शिक्षकाबद्दल वेगळं उत्तर आलंय, "वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही."

जोतं_ते_छत

थांबा, महत्त्वाचं राहिलंय. कामाची एजन्सी कोण? ठेकेदार नेमलाय की काम ग्रामपंचायतीला दिलंय? मी जि. प. बांधकामाच्या कामांवर बरीच वर्षं होतो. जि. प. शाळांच्या खोल्या कित्येकदा ग्रामपंचायतीमार्फत होतात. तसं असेल तर बिलं ग्रामपंचायतीच्या दप्तरात, मोजमापं उपअभियंत्याच्या कार्यालयात आणि मंजुरीची फाइल जिल्ह्याला. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात यातलं फार थोडं असतं. "उपलब्ध नाही" हे उत्तर खरंही असू शकतं. पण अर्ज पुढे न पाठवता तुम्हाला वाटेला लावणं चूकच.

रेवा_ठाणे

माझाही प्रश्न याच विषयातला आहे म्हणून इथेच विचारते. बहिणीच्या मुलीच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेने फी वाढवली. पालकसभा झाली म्हणतात, आम्हाला तर निरोपच नव्हता. खासगी शाळेला आरटीआय लागू होते का?

कलम_सहा

रेवाताई, वेगळा धागा काढाल का? थोडक्यात सांगतो. शाळा अनुदानित असेल तर लागते. सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या शिक्षणसंस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरतात, असा डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. विनाअनुदानित असेल तर शाळेऐवजी शिक्षणाधिकाऱ्यांकडे मागा. दुसऱ्या कायद्याखाली शासन खासगी संस्थेकडून जी माहिती घेऊ शकतं, ती आरटीआयच्या व्याख्येतच येते. तुमच्यासाठी तो कायदा म्हणजे २०११ चा शुल्क विनियमनाचा. शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीचं इतिवृत्त मागा.

गावशिव, आता तुमचं.

उत्तर ३० दिवसांत यायला हवं होतं, उशिरा आलं. कलम ७(६) प्रमाणे आता झेरॉक्सचे पानाला २ रुपयेसुद्धा ते मागू शकत नाहीत. नकार देताना कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकारी कोण हे लिहायलाच हवं, ते कलम ७(८). तुमच्या पत्रात नसेल तर अपिलात तोच पहिला मुद्दा. शिवाय माहिती दुसऱ्या कार्यालयाची असेल तर कलम ६(३) प्रमाणे अर्ज ५ दिवसांत तिकडे वर्ग करायचा असतो.

दप्तरदार

६(३) इथे नको. ते एका सार्वजनिक प्राधिकरणाकडून दुसऱ्याकडे वर्ग करण्यासाठी आहे. शिक्षण आणि बांधकाम एकाच जिल्हा परिषदेचे विभाग. इथे कलम ५(४) आणि ५(५) लावा. माहिती अधिकारी दुसऱ्या अधिकाऱ्याची मदत मागू शकतो, आणि मदत मागितली की तो अधिकारीसुद्धा माहिती अधिकारीच समजला जातो, दंडासह.

कलम_सहा

ग्रामपंचायत तर वेगळं प्राधिकरण आहे! एजन्सी तीच असेल तर ६(३) लागणारच.

दप्तरदार

एजन्सी कोण हे त्यांनी अजून सांगितलंय कुठे? दोन्ही कलमं लिहा, वाद मिटला. अपिलात कलम जास्त झालं म्हणून कुणी फेटाळत नाही. पण खरी अडचण अर्जातच आहे. "का", "जबाबदार कोण" याला माहिती अधिकारी उत्तर द्यायला बांधील नाही. दप्तरात जे आहे ते द्यायचं, नवीन तयार करून द्यायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सीबीएसईच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. आणि महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत. खोल्या आणि शिक्षक एकत्र आले म्हणून त्यांना सुटायला वाट मिळाली.

गावशिव

एजन्सी ग्रामपंचायतच आहे, आत्ता सरपंचांना फोन करून विचारलं. त्यांचं म्हणणं, पहिला हप्ता आला, दुसरा आलाच नाही.

शिक्षकाचं सोडायचं का मग? पट पन्नासच्या आत आहे, पदं दोन. एक सर तालुक्याला कार्यालयात बसतात असं ऐकतोय. पाच वर्ग एकट्या बाई सांभाळतात. पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला बसवून त्या पाचवीला गणित शिकवतात, मी स्वतः बघतो.

निवृत्त_गुरुजी

सोडू नका, पण हजेरी मागू नका. संचमान्यता मागा, त्यावर शाळेला मंजूर पदं किती ते येतं. आणि प्रतिनियुक्तीचा, म्हणजे दुसरीकडे कामाला पाठवल्याचा, आदेश. तो कार्यालयीन आदेश आहे, कुणाचं खासगी आयुष्य नाही. शिक्षण हक्क कायद्यात ६० पटापर्यंत दोन शिक्षक सांगितलेत, आणि कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण, निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. त्या बाईंसाठी तरी हे कराच. पाच वर्ग एकटीने ओढणं म्हणजे काय ते मी जवळून पाहिलंय.

दप्तरदार

गुरुजींशी सहमत. हजेरी, रजा, सेवापुस्तक मागितलं की आठ-एक-जे, म्हणजे वैयक्तिक माहिती म्हणून नाकारायचं कलम ८(१)(जे), येणारच. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ते कलम आणखी कडक केलंय. पदांबद्दल विचारा, माणसाबद्दल नको.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे शाळा स्कूल डिस्ट्रिक्टच्या ताब्यात असतात आणि अभिलेख मागायला ओपरा नावाचा राज्याचा कायदा आहे. डिस्ट्रिक्टच्या कस्टोडियनला ईमेल केला की कामकाजाच्या ७ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर गव्हर्नमेंट रेकॉर्ड्स कौन्सिलकडे तक्रार किंवा सरळ कोर्ट. मी आमच्या शाळेच्या बसच्या कंत्राटाची प्रत अशीच मागवली. २०२४ मध्ये त्या कायद्यात बदल झाले तेव्हा इथे बरीच ओरड झाली. आपल्याकडेही ईमेलने सगळं व्हायला हवं.

जोतं_ते_छत

दादा, माहिती चांगली आहे, पण गावशिवना उद्या तालुक्याला जायचंय. ईमेलचं नंतर बोलू.

गावशिव, खोलीच्या कामात कागद एकामागून एक येतात. आधी निर्लेखन, म्हणजे जुन्या खोल्या दप्तरातून कमी करून पाडणं: समितीचा आणि ग्रामपंचायतीचा ठराव, उपअभियंत्याचा खोली धोकादायक असल्याचा दाखला, निर्लेखनाचा आदेश, जुन्या मालाच्या लिलावाची नोंद. मग नवीन काम: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, करारनामा, कार्यारंभ आदेश. कार्यारंभ आदेशात काम किती महिन्यांत पुरं करायचं ते लिहिलेलं असतं, तो कागद तुमच्यासाठी सोन्यासारखा. त्यानंतर मोजमाप पुस्तिका आणि देयकं. दुसरा हप्ता आला नाही म्हणतात ना? पहिल्या हप्त्याच्या कामाची मोजमापं लिहिली गेलीत का ते बघा. मोजमापच नोंदवलं नसेल तर पुढचा पैसा अडणारच, आणि मग अडलेलं कुठे ते आपोआप दिसेल.

आणखी एक. कलम २ मध्ये साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. पण आत्ता तो काढू नका, एका वेळी एकच.

कलम_सहा

त्यापेक्षा आधी फाइल बघून या. राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. अर्ज करून अवलोकन मागितलं तरी पहिला तास मोफत, पुढे दर १५ मिनिटांना ५ रुपये.

गावशिव

मंडळी, असं लिहिलंय. बघून सांगा. उपअभियंता, बांधकाम उपविभाग यांच्या कार्यालयात देणार.

"विषय: आमच्या गावच्या जि. प. प्राथमिक शाळेच्या दोन वर्गखोल्यांचे बांधकाम. कालावधी: निर्लेखनाच्या आदेशापासून आजपर्यंत. पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: निर्लेखनाचा आदेश, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील सर्व संबंधित पाने, अदा केलेली देयके."

दप्तरदार

शाळेचा यूडायस क्रमांक (प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) टाका, नाहीतर "कोणती शाळा याचा बोध होत नाही" असं उत्तर येईल. "आजपर्यंत" काढून तारीख लिहा. माहिती टपालाने हवी की स्वतः नेणार तेही लिहा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. ग्रामपंचायतीला बिलांसाठी वेगळा अर्ज, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या (पूर्वीचे ग्रामसेवक) नावे.

जुन्या अर्जाचं पहिलं अपील जोडपत्र 'ब' या ठरलेल्या नमुन्यामध्ये, २० रुपयांचं तिकीट. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे, ती तुमची अजून चालू आहे. पाकीट जपून ठेवा, त्यावरच्या शिक्क्यावरून तारीख ठरते.

गावशिव

यूडायस क्रमांक बाईंकडून घेतला. त्यांनीच समितीच्या प्रोसिडिंगमधला ठरावही दाखवला, गुरुजी म्हणाले तसा. ठरावाखाली माझ्याच चुलत्यांची सही आहे. अपील आणि दोन्ही अर्ज उद्या देतो. संचमान्यतेचा वेगळा. सोमवारी जिल्ह्याला फाइल बघायला जातोय.

जोतं_ते_छत

जाताना वही न्या. मोजमाप पुस्तिकेचा क्रमांक, पान क्रमांक आणि शेवटच्या नोंदीची तारीख उतरवून घ्या. आणि तोपर्यंत ग्रामपंचायतीला सांगून त्या सळयांच्या टोकांवर प्लास्टिकचे पाइप तरी बसवून घ्या. त्याला कुणाच्या मंजुरीची गरज नाही.