कोकण सहल मार्च : यादीवरून चर्चा (सोसायटी ग्रुप)

बी-३०४ काकू : सेक्रेटरी साहेब यादी वाचली. दिवेआगर, हरिहरेश्वर, गुहागर, गणपतीपुळे आणि वर मालवण, सगळं तीन दिवसात?? मागच्या वेळी मुरूडला पोचलो तेव्हा अंधार झालेला, जंजिरा काचेतूनसुद्धा दिसला नाही. यादी अशीच राहणार असेल तर माझं नाव काढा.

सेक्रेटरी : काकू ज्यांनी जे सुचवलं ते सगळं घातलंय. आणि मागच्या वेळी उशीर का झाला ते ग्रुपला माहीत आहे.

बी-३०४ काकू : कोणामुळे झाला ते नाव घेऊन बोला ना मग

ए-२०३ : जेटीवर मोठी बस घेतात का ते आधी विचारा.

डी-४०१ : माझं ऐका फक्त मालवण करा. रेल्वेने कुडाळला उतरायचं, एक दिवस होडीने सिंधुदुर्ग किल्ला, आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत, दुसऱ्या दिवशी तारकर्ली आणि देवबागचा संगम, मग वेंगुर्ल्याच्या पुढे आरवलीचा वेतोबा, त्याला एवढ्या मोठ्या चपला वाहतात, पोरांनी बघायलाच पाहिजे

सी-१०२ : वहिनी तुमच्या सासरी सगळ्यांची सोय होत असेल तर माझी चार नावं घाला 😄

डी-४०१ : सासूबाईंना विचारते, तुम्ही मागच्या सहलीचे राहिलेले पैसे भरा

बी-५०२ : विषय निघालाच आहे तर मागचा हिशोब अजून दिसलेला नाही.

सेक्रेटरी : दोन महिने बोर्डावर लावलाय.

बी-५०२ : लिफ्टच्या नोटिशीखाली.

ए-२०३ : जेटीवर मोठी बस घेतात का ते आधी विचारा. कोणी उत्तर देत नाही.

बी-३०४ काकू : हिशोब नंतर काढा. माझं म्हणणं एकच आहे, एक पट्टा धरा आणि तो नीट बघा. दापोली-मंडणगडचा घ्या. वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड सगळं एकमेकांना लागून, मुक्काम एकाच जागी, रोज बॅगा भरायच्या नाहीत. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपासून समुद्र कसा दिसतो ते एकदा बघा, तिथे दहा मिनिटात चला चला नको. संध्याकाळी हर्णैला माशांचा लिलाव. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, २०२५ ला जागतिक वारशात आला तो.

डी-४०१ : सिंधुदुर्ग पण त्याच यादीत आहे काकू.

बी-३०४ काकू : आहे ना, पण तुझ्या मालवणला चार दिवस हवेत म्हणून म्हणते, अपमान नाही करत.

सी-१०२ : मुरूड परत?? तेच ना जंजिऱ्याचं

बी-३०४ काकू : नाही हो, दोन मुरूड आहेत. हे दापोलीचं, महर्षी कर्व्यांचं गाव.

डी-२०१ : वेळासला कासवं नक्की दिसणार का? मुलीला सांगून ठेवलंय

बी-३०४ काकू : नक्की कोणीच सांगू शकत नाही गं. अंडी कुंपणात जपतात, साधारण ५० दिवसांनी पिल्लं निघतात, कधी एकदम खूप तर कधी एकही नाही. सकाळ संध्याकाळ त्यावरचं टोपलं उघडून बघतात. तिथे हॉटेल नाही, गावातल्या लोकांच्या घरी राहायचं, जे बनवतील ते खायचं. आत्ताच फोन करावा लागेल.

बी-५०२ : शाकाहारी वेगळं मिळेल ना? मागच्या वेळी एकाच डावाने वाढलं होतं.

सी-१०२ : परत डाव आला

ए-१०१ आजोबा : मी कधी लिहीत नाही. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने हर्णैला जायचो. बोट खोल पाण्यात थांबायची, मग पडावात उतरवायचे, आई माझी कॉलर धरून बसायची. त्यानंतर हर्णै पाहिलेलं नाही. जमलं तर न्या.

डी-४०१ : आजोबा हर्णैच करू. मालवण दिवाळीनंतर.

सेक्रेटरी : ठीक आहे. वेळास एक रात्र, मुरूडला एक रात्र. गुहागरपासून पुढचं सगळं काढतो.

बी-३०४ काकू : आजोबा माझ्या शेजारची सीट तुमची, खिडकीची.

ए-२०३ : मीच फोन लावला शेवटी. बागमांडल्याहून वेश्वीला जेटीच्या बोटीतून बस खाडीपलीकडे नेतात पण वेळास आणि आंजर्ल्याच्या गल्लीत वळणार नाही म्हणाले. दोन छोट्या गाड्या करा.

सेक्रेटरी : मग माणशी खर्च बदलणार.

बी-५०२ : हा हिशोब तरी वेगळ्या कागदावर लावा.