मदत हवी आहे: पत्र्याच्या शेडचं थर्मल मॉडेल, आकडा जुळतोय पण पटत नाही

मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांची टॉवेलची शेड आहे. वर निळे कलर-कोटेड पत्रे, खाली यंत्रमाग. मेमध्ये दुपारी आत उभं राहवत नाही, आणि खिडक्या सताड उघडाव्यात तर कोरड्या हवेनं सूत तुटतं. पत्र्याला पांढरा कोट मारायचा की नाही, एवढंच मामांना हवंय. पैसे घालण्याआधी गणित करून बघावं म्हणून पायथॉनमध्ये छोटं मॉडेल केलंय.

ऊन ९५० वॅट प्रति चौ.मी., शोषण ०.७, म्हणजे पत्र्यात ६६५ वॅट येतात. बाहेर हवा ४१ अंश, पत्र्यावर वारा साधारण १ मीटर प्रति सेकंद. रंगाची एमिसिव्हिटी (किरणांवाटे, म्हणजे रेडिएशननं, उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता, ० ते १) वरून ०.८८, खालून ०.८. आतल्या भिंती, जमीन ४० अंशांवर धरल्यात. खालच्या बाजूचं कन्व्हेक्शन (हवेनं वाहून नेलेली उष्णता) फक्त १ वॅट प्रति चौ.मी. प्रति अंश घेतलंय, कारण गरम हवा पत्र्याखाली तशीच साचून राहते. (मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य इथं दुपारी डोक्यावर असतो, म्हणून उताराचा कोन सोडून दिला.) आकाशाचं तापमान (पत्रा वर ज्याच्याकडे रेडिएशन टाकतो त्या आकाशाचं) स्विनबँकच्या सूत्रानं: ०.०५५२ × हवेचं केल्विन तापमान घात १.५, ते ३४ अंश येतं.

आता अडचण. वरच्या बाजूला h (कन्व्हेक्शनचा गुणांक) = २.८ + ३ × वारा घेतलं की पत्रा ७१ अंश येतो. जुनं ५.७ + ३.८ × वारा घेतलं की ६७. थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) ६७ दाखवतोय. तो पत्र्याच्या खालून, पर्लिन (पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्या) आणि स्क्रूपासून लांब, काळ्या इन्सुलेशन टेपखाली चिकटवलाय, त्यामुळे रीडिंगवर माझा भरवसा आहे.

मग ५.७ वालं घेऊन मोकळं व्हावं का? पण त्या सूत्रात रेडिएशन आधीच मिसळलेलं आहे असं वाचलंय, आणि मी आकाशाकडचं रेडिएशन वेगळं धरतोय. एकच उष्णता दोनदा वजा होतेय असं वाटतं. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

शंका बरोबर आहे. ५.७ + ३.८ हे मॅकअ‍ॅडम्सच्या पुस्तकातून आलेलं. त्यात रेडिएशन आणि नैसर्गिक कन्व्हेक्शन दोन्ही मिसळलं असावं, असं वॉटमफ आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवलं आणि २.८ + ३ दिलं. तुम्ही रेडिएशन वेगळं धरताय, तर हेच वापरा. वारा पडला की मात्र २.८ कमी पडतं. तेव्हा १.५२ × (तापमानातला फरक) घात १/३ काढून बघा, २५ अंशांच्या फरकाला ४.४ येतं. दोन्हींत मोठं असेल ते घ्या.

चार अंश कुठं गेले ते आकाशात शोधा. स्विनबँकचं सूत्र फक्त हवेचं तापमान बघतं, ओलावा बघत नाही. सोलापूरच्या मेमधल्या कोरड्या दुपारी ड्यू पॉइंट (हवेतला ओलावा ज्या तापमानाला दव होतो ते) १२ धरा आणि बर्डाल-मार्टिनचं सूत्र लावा, त्यात ड्यू पॉइंट भागिले १०० जातो: आकाशाची एमिसिव्हिटी = ०.७११ + ०.५६ × ०.१२ + ०.७३ × ०.१२ चा वर्ग, म्हणजे ०.७८९. याच्या चौथ्या मुळानं ३१४ केल्विनला गुणलं की आकाश २३ अंश! तुमच्यापेक्षा ११ अंश गार. एवढ्यानं पत्र्यावरून ६० वॅट जास्त जातात. तुमच्याच मांडणीत पत्रा ६८ वर येतो, h ला हात न लावता. उरलेला एक अंश शोधत बसू नका, शोषण ०.७ च्या जागी ०.६८ असलं तरी तेवढा फरक पडतो.

प्रतिसाद (धागाकर्ता)

खूप आभार. लगेच चालवून बघितलं, ६८ च आलं. मग पांढऱ्या कोटासाठी शोषण ०.३ धरून तिन्ही प्रकारे (२.८ वालं, ५.७ वालं, आणि २.८ सोबत बर्डाल-मार्टिनचं आकाश) काढलं: ५३, ५१, ५०. म्हणजे तापमान १६ ते १८ अंशांनी उतरतं. कुठलंही सूत्र घ्या, कोट मारायचाच, मामांना तसं सांगून टाकलंय.

आता पुढचा प्रश्न. एमआयडीसीत धूळ भरपूर, वर शेजारच्या शेडमधून सुताचा बारीक कापूस उडून येतो. पहिला पाऊस पडेपर्यंत ०.३ चं ०.३ राहणार नाही हे उघड आहे. असा मळलेला पांढरा पत्रा कुणी मोजलाय का? शोषण किती धरावं? आणि वर्षातून एकदा पाण्यानं धुतला तर परत मूळ पदाला येतो का?